न झालेल्या उड्डाणाची गोष्ट

2023 च्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा आमचे नाव राखीव मतदान पथकात निघाले. सरकारी नोकरी करणाऱ्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रशिक्षण इतरांइतकेच, जबाबदारीही तितकीच. फक्त मतदान केंद्र मिळत नाही. एखाद्या पथकात कोणी आजारी पडले, तर निघायचे. आम्ही बॅग भरून, डबा घेऊन सतरंजीवर बसून राहिलो. कोणी आजारी पडले नाही. शेवटी घरी जायला सांगण्यात आले. घरी आल्यावर सौ.ने विचारले, "मग तुम्ही केलेत काय?" आम्ही म्हणालो, "तयार होतो." या उत्तरावर आमच्या घरात अजूनही हसू होते.

आमच्या नोकरीतही हाच प्रकार रोजचा आहे. डिप्लोमा करून आम्ही पाणीपुरवठ्याच्या कामाला लागलो. पंपघरात तीन पंप चालत असले, तर चौथा नुसता उभा असतो. त्याला आम्ही स्टँडबाय म्हणतो. तो आठवड्यातून एकदा तरी फिरवून बघावा लागतो, ग्रीस द्यावे लागते, नाहीतर गरजेच्या दिवशी तोच दगा देतो. एकदा हिशेब तपासायला आलेल्या साहेबांनी विचारले होते, "वर्षभरात याने पाणी किती उपसले?" उत्तर होते शून्य. साहेबांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. त्या प्रश्नचिन्हाला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला त्या दिवशी सुचले नाही.

उत्तर पुढे मिळाले ते अवकाश मोहिमांच्या इतिहासात. 2009 साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने एक संपूर्ण अवकाशयान, त्याची इंधनटाकी, दोन अग्निबाण आणि चार अंतराळवीर अशी सगळी सिद्धता केली, ती उड्डाण होऊ नये अशी प्रार्थना करत. त्या मोहिमेला क्रमांक होता, एसटीएस-400. त्या क्रमांकाचे उड्डाण कधीच झाले नाही. यंदा स्मरणिकेच्या वाचकांपुढे तीच हकिगत मांडत आहोत.

प्रथम थोडी मागची गोष्ट. स्पेस शटल हे अग्निबाणासारखे वर जाऊन विमानासारखे उतरणारे यान. आपल्या पिढीचा त्याच्याशी एक जुना ऋणानुबंध आहे. 1982 साली इन्सॅट-1ए हा आपला उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. त्यानंतरचा इन्सॅट-1बी हा 30 ऑगस्ट 1983 रोजी चॅलेंजर या शटलच्या पोटातून वर गेला. 1984 नंतर गावोगावी दूरदर्शनचे छोटे मनोरे उभे राहिले आणि आपल्या आळीत ज्या एकाच घरी टीव्ही होता तिथे आपण सगळे जमू लागलो, त्यामागे हा उपग्रह होता.

शटल उपग्रह नेऊन सोडत असे, तसे भरकटलेले उपग्रह पकडूनही आणू शकत असे. फेब्रुवारी 1984 मध्ये सोडलेले इंडोनेशियाचा पालापा बी-2 आणि अमेरिकेचा वेस्टार-6 हे दोन उपग्रह त्यांच्या मोटरी बिघडल्यामुळे नको त्या खालच्या कक्षेत अडकून पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानाने दोन्ही पकडून परत आणले. पहिल्याच उपग्रहाच्या वेळी गंमत झाली. तो पकडून ठेवण्यासाठी मुद्दाम बनवलेली चौकट बसेचना. उपग्रहावरचा एक छोटासा भाग मध्ये येत होता. तेव्हा राखीव म्हणून विचार करून ठेवलेली दुसरी पद्धत वापरण्यात आली. जो ॲलन या अंतराळवीराने अर्ध्या टनाहून जड असलेला तो उपग्रह सुमारे दीड तास, म्हणजे पृथ्वीला जवळपास एक पूर्ण फेरी होईपर्यंत, हातांनी धरून ठेवला. अवकाशात वजन जाणवत नाही हे खरे, पण जडत्व जात नाही. एवढे मोठे धूड हलू न देता तोलून धरायचे म्हणजे हातांची परीक्षाच. दोन्ही उपग्रह दुरुस्त होऊन 1990 साली पुन्हा अवकाशात गेले.

आता आपल्या गोष्टीच्या नायकाकडे येऊ. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण गेले. त्याच्या जागी नवे यान बांधायचे ठरले. ते बांधता आले याचे एक कारण असे, की डिस्कव्हरी आणि अटलांटिस या यानांच्या वेळी पंख, शेपूट, धडाचे भाग असे काही मोठे सुटे भाग जास्तीचे करून ठेवलेले होते. लागतील न लागतील म्हणून ठेवलेल्या त्या भागांतून एक अख्खे यान उभे राहिले. शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून त्याचे नाव निवडले गेले, एंडेव्हर.

एंडेव्हरचे पहिलेच काम उपग्रह पकडण्याचे होते. इंटेलसॅट-6 मालिकेतला एक उपग्रह मार्च 1990 पासून चुकीच्या कक्षेत फिरत होता. वजन चार टनांहून अधिक. मे 1992 मध्ये एंडेव्हर त्याच्याजवळ पोहोचले. एक अंतराळवीर खास बनवलेला दांडा घेऊन बाहेर गेला, पण दांडा अडकेना. स्पर्श होताच उपग्रह डगमगू लागे. दोन दिवस दोन प्रयत्न फसले. शेवटी 13 मे रोजी तीन अंतराळवीर एकाच वेळी बाहेर गेले. तिघांनी मिळून यानात बाहेर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती. तिघांनी तीन बाजूंनी हातांनीच उपग्रह धरला. त्याला नवी मोटर जोडली आणि तो आपल्या जागी रवाना झाला. राखीव भागांतून जन्मलेल्या यानाची सुरुवात अशी झाली.

यानंतरची गोष्ट दुःखाची आहे, आणि तिच्यात आपले माणूस आहे. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया यान निघाले. त्यात हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. निघाल्यावर सुमारे 82 सेकंदांनी मोठ्या टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. यान सोळा दिवस व्यवस्थित फिरत राहिले. खाली काही अभियंत्यांना शंका आली होती. लष्कराच्या मदतीने यानाची अवकाशातच छायाचित्रे घ्यावीत असे त्यांनी सुचवले होते, पण ते वरपर्यंत लागले नाही. 1 फेब्रुवारीला परतताना पंखाच्या भगदाडातून तापलेली हवा आत शिरली आणि सातही जण आपल्याला अंतरले.

चौकशी मंडळाने नंतर नासाला एक प्रश्न विचारला, 'भगदाड वेळेवर कळले असते, तर काही करता आले असते का?' अभ्यास झाला आणि जे उत्तर आले ते वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. अटलांटिस हे यान त्याच वेळी केनेडी अवकाश केंद्रात 1 मार्चच्या मोहिमेसाठी तयार होत होते. त्याची इंजिने बसवून झाली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी नुकसान कळले असते, रात्रंदिवस पाळ्या लावल्या असत्या, काही चाचण्या सोडल्या असत्या आणि कुठेही अडले नसते, तर अटलांटिस 10 फेब्रुवारीच्या सुमारास निघू शकले असते. कोलंबियातल्या माणसांनी हालचाल कमी करून काटकसर केली असती, तर हवा शुद्ध ठेवणारे साहित्य त्यांना 15 फेब्रुवारीपर्यंत पुरले असते. म्हणजे मध्ये पाच दिवस होते. धोका प्रचंड होता आणि हे सगळे 'जर-तर' आहे. पण तो जर-तर तपासून पाहण्याची वेळच कोणावर आली नाही, कारण दुसरे यान मदतीला न्यावे लागेल असा विचार करून कोणी ते तयार ठेवले नव्हते.

या अपघातानंतर नियम बदलला. अवकाश स्थानकाकडे जाणाऱ्या यानाला इजा झाली, तर माणसांनी स्थानकात आसरा घ्यायचा आणि खालून दुसरे यान न्यायचे. अशा संभाव्य बचाव मोहिमांना तीनशेच्या घरातले क्रमांक दिले गेले. त्यांतली एकही करावी लागली नाही.

अडचण आली ती हबल दुर्बिणीची. 1990 साली सोडलेली ही दुर्बीण म्हणजे अवकाशातली वेधशाळाच. दर काही वर्षांनी शटलने जायचे, यांत्रिक हाताने तिला पकडून यानाच्या पोटात उभी करायची, जुने भाग बदलायचे आणि पुन्हा सोडायची, अशी तिची रचनाच होती. पण हबल तेव्हा फिरत होती 550 किलोमीटरहून जास्त उंचीवर आणि विषुववृत्ताशी 28.5 अंशांचा कोन करून. अवकाश स्थानक त्याहून बरेच खाली आणि 51.6 अंशांवर. खांडव्याची गाडी वाटेत रूळ बदलून भोपाळकडे वळवावी, तसे अवकाशात करता येत नाही. कक्षेचा कोन बदलायला जेवढे इंधन लागेल, तेवढे शटलमध्ये मावतच नाही. म्हणजे हबलकडे गेलेल्या यानाला इजा झाली, तर आसऱ्याला स्थानक नाही.

16 जानेवारी 2004 रोजी, कोलंबिया निघाले त्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, नासाचे प्रमुख शॉन ओकीफ यांनी हबलची शेवटची दुरुस्ती मोहीम रद्द केली. शास्त्रज्ञ हळहळले, सामान्य माणसांनीही पत्रे लिहिली. आम्हाला मात्र ओकीफ यांना दोष द्यावासा वाटत नाही. आदल्या वर्षी ज्यांनी सात घरांना ती बातमी कळवली, त्यांनी आठव्या घराचा विचार करू नये असे कसे म्हणावे? 31 ऑक्टोबर 2006 रोजी त्यांच्यानंतरचे प्रमुख मायकेल ग्रिफिन यांनी तीच मोहीम पुन्हा मंजूर केली. दुर्बीण तीच होती, धोकाही तोच होता. बदलले होते ते एवढेच, की यानाची तपासणी अवकाशातच करण्याची सोय आता झाली होती आणि दुसरे यान दुसऱ्या लाँच पॅडवर तयार उभे ठेवायचे ठरले होते.

हबलकडे जाणारे यान ठरले अटलांटिस, जे 2003 साली अर्धवट तयार स्थितीत शेडमध्ये उभे होते तेच. आणि त्याच्या पाठीशी उभे राहायचे होते एंडेव्हरने.

सप्टेंबर 2008 मध्ये अटलांटिस 39-ए वर आणि एंडेव्हर 39-बी वर अशी दोन याने एकाच वेळी उभी राहिली. 2001 नंतर असे दृश्य दिसले नव्हते. पण 27 सप्टेंबरला हबलमध्येच बिघाड झाला. उपकरणांची माहिती गोळा करून पृथ्वीकडे पाठवणाऱ्या पेटीची एक बाजू बंद पडली. त्या पेटीला दुसरी, राखीव बाजू होती. दुर्बीण वर गेल्यापासून अठरा वर्षे ती बाजू कधी चालूच केलेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये ती चालू केली आणि ती चालली! हिशेब तपासणाऱ्या आमच्या साहेबांनी अठरा वर्षे तिच्यापुढेही शून्यच लिहिले असते.

पण आता राखीवला राखीव उरले नव्हते. मेरीलँडमधील गोडार्ड केंद्रात अशीच आणखी एक पेटी ठेवलेली होती. ती तपासून अवकाशात नेण्याजोगी करायला काही महिने लागणार होते, म्हणून मोहीम मे 2009 वर गेली. एंडेव्हर मधल्या काळात अवकाश स्थानकाची एक फेरी करून आले. 17 एप्रिल 2009 रोजी ते पुन्हा 39-बी वर येऊन उभे राहिले.

त्याच्या मोहिमेची आखणी अशी होती. ख्रिस्तोफर फर्ग्युसन, एरिक बो, स्टीफन बोवेन आणि शेन किंब्रो हे चौघेच निघणार. परत येताना सात जण अधिक, म्हणजे अकरा माणसे. एंडेव्हरने अटलांटिसच्या जवळ जायचे आणि यांत्रिक हाताने त्याला धरायचे. दोन्ही यानांचे उघडे पोट समोरासमोर. मग दोघांच्या मध्ये दोर बांधून तीन स्पेसवॉकमध्ये सातही जणांना इकडे आणायचे. त्यानंतर रिकामे अटलांटिस समुद्रात पाडायचे. आडात पडलेल्याला दोर सोडून वर काढण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. हे तेच, फक्त आड साडेपाचशे किलोमीटर उंच. अटलांटिसवर बसून राहायची वेळ आली असती, तर वीज आणि हवा काटकसरीने वापरून सुमारे तीन-साडेतीन आठवडे काढता आले असते. तेवढ्या वेळात हे सगळे व्हायचे होते. त्या चौघांनी त्याचा पूर्ण सराव केला होता.

11 मे 2009 रोजी अटलांटिस निघाले. दुसऱ्या दिवशी तपासणीत उजव्या पंखाच्या पुढच्या भागाजवळ, उष्णता अडवणाऱ्या टाइल्सवर सुमारे अर्धा मीटर लांबीची टवक्यांची रांग दिसली. इकडे 39-बी वर एंडेव्हर उभेच होते. पाहणीअंती इजा किरकोळ ठरली आणि काम पुढे सुरू झाले.

13 मे रोजी मेगन मॅकआर्थर यांनी यांत्रिक हाताने हबल पकडली. पाच दिवसांत पाच स्पेसवॉक झाले. गोडार्डमधून आणलेली ती राखीव पेटी पहिल्याच दिवशी बसली. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीला दिशा देणारे जायरोस्कोप बदलायचे होते, तीन पेट्यांत दोन-दोन असे सहा. एक नवी पेटी काही केल्या जागेवर बसेना. तेव्हा 1999 साली हबलमधून काढून आणलेली, दुरुस्त करून सोबत घेतलेली जुनी पेटी बसवली. चौथ्या दिवशी मायकेल मॅसिमिनो यांच्याकडून एका कठड्याचा स्क्रू फिरेना. खाली गोडार्डमध्ये अभियंत्यांनी तसाच कठडा ओढून किती जोर लागतो ते मोजले आणि वर कळवले, 'ओढून तोडा.' तो तुटला आणि काम झाले. एका मोहिमेत राखीव वस्तू किती वेळा उपयोगी पडाव्यात याला काही मर्यादा?

हबलला कधीतरी शटलने खाली आणून संग्रहालयात ठेवायचे, असा विचार पूर्वी होता. आता शटलच निवृत्त होणार होते. म्हणून पुढे कोणी यान पाठवले तर त्याला पकडता यावे, यासाठी हबलच्या तळाला एक कडे बसवून अंतराळवीरांनी 19 मे रोजी तिला सोडून दिले. मग पुन्हा सगळ्या यानाची तपासणी झाली. परत उतरायला यान सुरक्षित आहे अशी खात्री पटली, तेव्हाच एंडेव्हरला मोकळे केले गेले. फ्लोरिडातले हवामान खराब असल्याने अटलांटिस 24 मे रोजी कॅलिफोर्नियात उतरले. सातही जण घरी पोहोचले.

वर्तमानपत्रांत फोटो आले ते या सात जणांचे, आणि ते योग्यच होते. फर्ग्युसन आणि त्यांचे तीन सोबती त्या दिवशी काय म्हणाले असतील? घरच्यांनी विचारले असेल, "मग तुम्ही केलेत काय?" 31 मे रोजी एंडेव्हर 39-ए कडे हलवले गेले आणि 15 जुलैला दुसऱ्याच मोहिमेवर, अवकाश स्थानकाकडे निघाले. 400 हा क्रमांक कागदावरच राहिला.

आता आमच्या मनातले. एंडेव्हरने त्या दिवसांत एकही माणूस वाचवला नाही, एकही भाग वर नेला नाही. तरी ते तिथे उभे नसते, तर अटलांटिस निघालेच नसते. 2004 चा निर्णय कायम राहिला असता आणि हबल केव्हाच थांबली असती. हबलचे त्यानंतरचे प्रत्येक छायाचित्र आपण पाहतो, त्यात न उडालेल्या त्या यानाचा वाटा आहे. आमच्या चौथ्या पंपाने पाणी उपसले नाही हे खरे. पण तो आहे म्हणून पहिले तीन आम्ही बिनघोर चालवतो, आणि त्यांतला एक दुरुस्तीला उघडायचा तर शहराला विचारावे लागत नाही. साहेबांच्या प्रश्नचिन्हाला हे उत्तर आहे. ते सुचायला आम्हाला काही वर्षे लागली.

2009 नंतर हबलकडे कोणी गेलेले नाही. तेव्हा बसवलेल्या सहा जायरोस्कोपांपैकी बरेच आता थकले. जून 2024 मध्ये दोन चांगले उरले होते. नासाने ठरवले की एकावरच काम चालवायचे आणि दुसरा बाजूला ठेवायचा. घरात दोनच पोती गहू उरले असता एक न उघडता ठेवणाऱ्या आपल्या आजीचा हा हिशेब आहे.

मंडळाच्या मांडवामागे यंदाही जनरेटर उभा असेल. आरतीच्या वेळी वीज गेली नाही, तर त्याचा आवाज कोणाला ऐकूही येणार नाही. पण रोज दुपारी मांडवात कोणी नसताना तो पाच मिनिटे चालवून, डिझेल बघून ठेवणारा एक मुलगा असतो. त्याला प्रसाद आठवणीने द्यावा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!